टिकल्यांचा पुठ्ठा

कमलताई गेल्याचं मला सुरतेजवळ सचिन गावी, गिरणीत कळलं. बमरोलीहून येणारा एक रंगारी डबा ठेवता ठेवता म्हणाला, "तुमच्या त्या सिस्टरबेन गेल्या, परवा. ड्युटीला निघाल्या होत्या, दारातच बसल्या..." माझ्या हातात मोरपंखी कापडाचे दोन तुकडे होते. मी ते गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळवले, सही केली आणि मग बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही.

रंग जुळवणं हे माझं काम, आणि तेही एका डोळ्याने. डावा डोळा बसवलेला आहे. गिरणीतले लोक म्हणतात, दोन डोळे असते तर साहेबांची दोन मतं झाली असती. लग्न ठरताना आम्ही मुलीकडच्यांना सांगितलं होतं की लहानपणी विटी लागली. आमच्या परभणीच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की विटी मारणाऱ्या पोराचं नावही ठरलेलं होतं, बंडू. खरं तर मी दोन वर्षांचा असताना डोळ्यात कॅन्सरची गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. माझ्या बायकोला, शोभाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि तिला मूल हवं होतं. अशात मी डोळा बदलायला सुरतेतल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांपुढे विटी टिकली नाही. त्यांनी मूलबाळ आहे का विचारलं आणि म्हणाले, कमलबेनकडे जाऊन बसा.

कमलताई मूळ अकोल्याच्या, डोळ्यांच्या विभागात नर्स. बमरोलीत भावाकडे राहायच्या. बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. डॉक्टरांकडे दोन मिनिटं असत आणि यांच्याकडे दुपारची सुट्टी, एवढंच. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायच्या. इंजेक्शनच्या बाटलीचं झाकण ठेवून बायकांसाठी वर्तुळ, काडेपेटी ठेवून पुरुषांसाठी चौकोन काढायच्या. मग घराण्यात ज्याला ज्याला हा आजार झाला त्याच्यावर टिकली. माझ्या पुठ्ठ्यावर मी एकच टिकली लावू दिली, माझी. त्यांनी पुठ्ठा पाहिला आणि आईला घेऊन या म्हणाल्या.

आई आली. वडिलांनाही एकच डोळा होता, पण तो देवीच्या साथीत गेला, असं तिने ठासून सांगितलं. कमलताईंनी एवढंच विचारलं, "तोंडावर वण होते का त्यायच्या?" वडिलांचा चेहरा अखेरपर्यंत तुळतुळीत होता. चाळीस वर्षांत ही गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असेल. कमलताईंनी टिकल्यांचं पाकीट आईपुढे सरकवलं. आई विधवा, तिने हात मागे घेतला. "कुंकवाची नाही माय, खुणेची हाये," त्या म्हणाल्या. मग आईने एक टिकली वडिलांच्या चौकोनावर लावली. नंतर माझ्याशेजारी अजून एक वर्तुळ काढायला सांगितलं आणि त्यावरही लावली. मला एक मोठी बहीण होती. तिसऱ्या वर्षी डोळा सुजून गेली. तिचं नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

आजार पिढीतून पिढीत उतरत होता. कमलताईंनी सगळं न घाबरवता सांगितलं. दर मुलाला निम्मा धोका, पण जन्मल्यापासून डोळे तपासत राहिलं तर गाठ लहान असताना सापडते. मूल होऊ न देण्याचा, दत्तक घेण्याचाही मार्ग आहे. मग त्यांनी शोभा कुठे आहे विचारलं. तिला मी मुद्दाम कतारगामला तिच्या बहिणीकडे धाडलं होतं. एवढ्यात तिला काही सांगू नका, असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमच्या खाली रेघ ओढायची तं ते तिच्या अंगातून येते, दादा. तुमची बायको इथं येऊन बसत नाही तोवर मी रेघ ओढत नाही."

मी फार भ्यायलो होतो. सांगायला मला तीन आठवडे लागले. शोभा रडली नाही. तिने विचारलं, "तो बंडू, तोही खोटाच?" मी हो म्हणालो. "दोन वर्षं मी त्याच्यावर दात धरून होते," ती म्हणाली, आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या आठ दिवसांत ती एकटीच कमलताईंकडे तीनदा जाऊन आली. काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. शेवटी मीच चिडून ताईंना म्हणालो, तुम्ही एवढं जाणता, काय करायचं ते सांगून टाका ना एकदाचं. त्या म्हणाल्या, "मी सांगीन अन् घरी जाईन. लेकरू असणं काय, नसणं काय, राहीन ते तुमच्याजवळ." मला तेव्हा ही पळवाट वाटली.

शोभाने ठरवलं की मूल हवं, आणि डोळे तपासायला ती स्वतः नेणार. प्लेगच्या साली रेवती झाली. ती दोन महिन्यांची असताना सुरत रिकामी झाली, तसे आम्हीही परभणीला पळालो आणि तपासणीची तारीख दहा दिवसांनी चुकली. परतलो तेव्हा ओस पडलेल्या वॉर्डाच्या दारात तोंडाला फडकं बांधून कमलताई उभ्या होत्या. त्या कुठे गेल्याच नव्हत्या. रेवतीच्या उजव्या डोळ्यात बारीकसा पांढरा ठिपका निघाला. पुढे मुंबईच्या पाच खेपा, लेसरचे उपचार... डोळा वाचला. पहिल्या खेपेला कमलताई रजा काढून सोबत आल्या होत्या. तिथल्या व्हरांड्यात त्या संत्रं सोलत बसल्या असताना मी विचारलं, आमचं चुकलं का?

"मले काहून विचारता? जिचा डोळा हाये ते मोठी होईन. तिले विचारजा."

बमरोलीला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही तिघंही गेलो होतो. परत आल्यावर शोभाने कपाटावरून पुठ्ठा काढला. ताईंनी त्यावर शोभाचं वर्तुळ, मग रेघ ओढून रेवतीचं वर्तुळ आणि त्यावर टिकली, असं सगळं केव्हाच पुरं करून दिलं होतं. रेवती आता पाच वर्षांची आहे. एकेका टिकलीवर बोट ठेवून तिचं सुरू झालं, "आ कोण छे, पप्पा?" मग स्वतःच्या वर्तुळापाशी थांबली आणि माझ्यावर आणि तुमच्यावर टिकली का, म्हणाली. विटी माझ्या जिभेवर तयार होती. शोभा माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगितलं, तिला समजेल तेवढं. तिने माझा बसवलेला डोळा नीट पाहिला, मग स्वतःच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्याने पाहिला, आणि पुढचा प्रश्न विचारला, की यात कमलआत्या कुठे आहे?

मी म्हणालो, त्या आपल्या घराण्यातल्या नव्हत्या.

"मग काढा ना."

ताईंच्यासारखं बाटलीचं झाकण घरात नव्हतं. रेवतीने हातातली बांगडी काढून स्वतःच्या वर्तुळाशेजारी ठेवली आणि मी पेन्सिल फिरवली. रेघ कुठून आणायची ते कुणालाच कळलं नाही, म्हणून ती राहू दिली. वर्तुळ मात्र घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठं आलं.