गिरणी थांबली तेव्हा

माझा पहिला सिनेमा सांगलीतल्या एका पिठाच्या गिरणीवर होता. त्याआधी मी पुण्यात दुसऱ्यांच्या सिनेमांचं संकलन करून पोट भरत होते. शहरातली माणसं रोज जे करतात तेच दाखवावं, असं फार दिवस मनात होतं. उंब्रजला घरी सांगितलं, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "आणि त्यात घडतं काय?"

"दळण," मी म्हणाले.

गिरणी गावभागातल्या एका गल्लीत होती. ती चालवणाऱ्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या, मूळच्या माण तालुक्याकडच्या. नवरा गेल्यापासून सगळं त्याच बघायच्या. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर राहायचे. मावशी कायम ओरडून बोलायच्या. गिरणीच्या आवाजापुढं दुसरं कसं बोलणार, असं मला वाटायचं.

सुरुवातीला कॅमेरा दिसला की त्या आत जाऊन साडी बदलून यायच्या. "पीठ लागलेल्या तोंडानं कोण सिनेमात येतं व्हय?" मी आणि आवाजाचं काम बघणारा माझा मित्र कोपऱ्यात नुसते बसून राहायचो. हळूहळू सगळ्यांना आमची सवय झाली. एका बाईनं तर कॅमेऱ्याच्या स्टँडलाच आपली पिशवी अडकवली.

अशाच एका सकाळी दळण चालू असताना लाईट गेली. पट्टा मंदावत थांबला. आणि मग गल्ली ऐकू यायला लागली. पत्र्यावर कबुतरं घुमत होती. कुणीतरी खोबरं किसत होतं. समोरच्या घरातून पेटीचे सूर येत होते, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. मित्रानं कानावरचे हेडफोन दाबून धरले आणि माझ्याकडं बघितलं. रांगेतल्या बायकाही गप्प झाल्या होत्या.

तेवढ्यात मावशी रांगेतल्या एकीकडं बघून ओरडल्या, "तुझी सासू अजून भांडती का गं?"

ती सासू पलीकडच्याच ओट्यावर गहू निवडत होती. रांग हसायला लागली. मावशींना कळेना. "काय झालं?" त्या प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांची सून खाली आली होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतं. गिरणीमुळं. कुणाला सांगत न्हाईत."

हे सिनेमात ठेवू का, असं मी मावशींना विचारलं. सुनेनं कानाशी तोंड नेऊन समजावलं. "ठेव की," त्या म्हणाल्या. "खोटं हाय का ते?"

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो गल्लीतच, गणेश मंडळाच्या हॉलमध्ये, एका रविवारी संध्याकाळी. मंडळानं आपले मोठे स्पीकर दिले होते. मावशी पुढच्या रांगेत, अगदी स्पीकरजवळ बसल्या. पडद्यावर गिरणी घरघरत होती, माणसं स्वतःला बघून हसत होती. मग पडद्यावरच्या गिरणीतली लाईट गेली.

मावशी ताठ झाल्या. "पेटी कोण वाजवतंय?"

"समोरचे मास्तर," सून म्हणाली.

"त्यांना पेटी येती?"

"रोज वाजवत्यात, आत्या."

कबुतरं घुमली, तशी मावशींनी 'हे काय?' म्हणून बोट वर केलं. सुनेनं कानात सांगितलं. खोबऱ्याच्या आवाजालाही बोट वर गेलं. एकेक करत सगळा हॉल पडद्याकडं बघायचा थांबला आणि मावशींकडं बघायला लागला. कुणी हललं नाही. मास्तर मागच्या भिंतीपाशी उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. तो प्रसंग मी संकलन करताना किती वेळा ऐकला असेल, पण असा कधीच नाही.

सिनेमा संपल्यावर मावशींनी तेवढा भाग परत लावायला सांगितला. स्पीकरवर तळहात टेकवून त्या ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पोरी, गिरणी चालू असती तवा बी हे सगळं असतंय?"

"असतं, मावशी."

त्यांनी दुसराही तळहात स्पीकरवर टेकवला.

पुढं मुलानं त्यांना मिरजेला नेऊन कानाचं यंत्र आणलं. गिरणी चालू असताना त्या ते काढून ठेवतात. दुपारी गिरणी बंद केली की लावतात आणि ओट्यावर येऊन बसतात.

त्यानंतर मी साताऱ्यातल्या एका लाँड्रीवर सिनेमा केला, मग फलटणच्या भाजीबाजारावर. आता सिनेमे दाखवायला बऱ्यापैकी मोठ्या हॉलमध्ये बोलावतात. पुढच्या रांगेत माझी खुर्ची राखून ठेवलेली असते. मी तिथं बसत नाही. कडेच्या भिंतीला टेकून, पडद्याकडं पाठ करून उभी राहते आणि माणसांचे चेहरे बघते.