भरतीत गेलेल्या बरण्या

एवढ्या शिकलेल्या माणसावर मी लिहावं, अशी माझी योग्यता नाही. चुकलं तर माफ करावं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्राणिशास्त्रात नापास झालो, म्हणून कॉलेज सोडून, पेटी घेऊन गोंदियाहून जवळच्याच आमच्या गोरेगावच्या एसटीत बसलो होतो.

शेजारी पन्नाशीचे गृहस्थ होते. समुद्री जीवशास्त्राचे प्राध्यापक, सुट्टीत गावी चाललेले. वाटेत तलाव आला की ते चष्मा पुसून खिडकीशी वाकत.

"पेटी घेऊन काऊन?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

ते हसले. "आमचं घर तलाव बांधणाऱ्यांचं. समुद्र पाहिला तो एमएस्सीले गेल्यावर. दिवसभर गोळा केलेल्या शिंपल्यांच्या बरण्या पाण्याच्या काठावर ठेवल्या अन् चहा प्याले गेलो. येऊन पाहतो तं भरती आलेली. बरण्या नाही, काठही नाही! तलावाचं पाणी असं चढते का कधी? सारे हसले. मीही पेटी भरली होती."

"मग?"

"मंग काय बाबू, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करा लागल्या."

मी कॉलेजात परतलो. परवा मी घरी असताना निकाल सांगायला मित्राचा फोन आला. पुरवणी परीक्षेतही मी नापास झालो होतो.

बाबांनी हळूच विचारलं, "आता?"

"परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरून राहिलो," मी म्हटलं.