कानपिळी

लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, लोकांनी हसायचं आणि भावाला नवे कपडे मिळायचे, ही आपली कानपिळी. काल मामेबहिणीच्या लग्नात तिच्या भावाने, सुधीरने, कान पिळला तो सोडेचना. नवरदेव कळवळला. नख रुतून रक्त आलं, मुंडावळ्या तुटल्या. "अरे, सोड! गंमत असते ती!" भटजी ओरडले.

डोंबलाची गंमत! कुठे वरातीची वाट काठ्या घेऊन अडवतात, कुठे नवरीला पळवून नेण्याचं सोंग करतात. जगभर लग्नात मारामारीचं एक नाटक असतंच. खरी मारामारी नंतर दार लावून होते आणि तिला कुणी विधी म्हणत नाही.

चौघांनी सुधीरला ओढून बाजूला केलं. त्याची थोरली बहीण नंदा पुढे आली. लग्नाला ती एकटीच आली होती. नवऱ्याने पिरगळून मोडलेला तिचा हात प्लास्टरमध्ये होता. दुसऱ्या हाताने पदर धरून तिने सुधीरची रक्ताळलेली बोटं पुसली आणि म्हणाली, "माझ्या लग्नात किती हळू पिळला होतास रे."