वाफमामाचा आठवा गठ्ठा

त्या प्रसूतिगृहाच्या तळघरात वाफेचं एक अवाढव्य यंत्र होतं, आणि यंत्राचा धनी म्हणजे आमचा वाफमामा. खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. धुतलेल्या हिरव्या चादरी, डगले, फडकी यांचा तो गठ्ठा बांधी, वाफेत घालून निर्जंतुक करी आणि वर पाठवी. एका सिझरला एक गठ्ठा. जन्मभर वाफेत वावरून गडी असा झाला होता, की भर दुपारी स्वप्नातून चालतोय असं वाटावं.

नोकरीला लागला तेव्हा दहा बाळंतपणांत एखाददुसरा गठ्ठा उघडे. आता पाच-सहा.

"बायकांची पोटं बदलली, की डॉक्टरांची घड्याळं?" तो सफाईवाल्या मावशींना विचारी.

"तू आपल्या घड्या घाल," मावशी म्हणत. "माझ्या बहिणीच्या वेळी गठ्ठा नव्हता. आज बहीण नाही."

मामा पुढच्या गठ्ठ्याला गाठ मारी.

तर एके दिवशी त्याची एकुलती एक लेक वर कळा देत होती. सकाळी बांधलेल्या आठांपैकी सात गठ्ठे दुपारपर्यंत गेले. आठवा मामानं मांडीवर घेतला आणि बसून राहिला. गठ्ठाच नसेल तर चिरतील कसे? वेडेपणा, त्यालाही कळत होतं. पण वाफेच्या पडद्यात त्याला इवल्या फ्रॉकातली पोर दिसत होती. चादरींच्या ढिगात शिरून म्हणत होती, "बाबा, शोधा मला."

फोन वाजला. वरची सिस्टर.

"मामा, सिझरचा सेट?"

"संपले," तोंडातून निघून गेलं.

"असं कसं? बाळाचे ठोके मंदावलेत. तुमच्याच लेकीचं आहे हो."

फोन तसाच लोंबकळत राहिला. मामा जिना चढला की तरंगत गेला, देव जाणे. दारात सिस्टरनं गठ्ठा जवळजवळ हिसकावलाच.

"संपले होते ना?"

"एक होता," मामा म्हणाला, आणि भिंतीला टेकून खाली बसला. बऱ्याच वेळानं आतून रडणं आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

संध्याकाळी लेक खालमानेनं म्हणाली, "बाबा, सिझरच झालं शेवटी." परीक्षेत नापास झाल्यागत.

मामानं नातीची इवली मूठ बोटात धरली. "तुझं काही चुकलं नाही गं. चुकलं माझं. गठ्ठा मी मांडीवर दडवून बसलो होतो."

"मांडीवर घेऊन?"

"हो. कोंबडीसारखा."

"बाबा, हसवू नका," लेक पोट धरून म्हणाली, "टाके दुखतात."