तिसरी तार

गिटारी दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे कानसेन म्हणत. वय छप्पन्न. दुकान जिन्याखाली, आत एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर मानेने टांगलेल्या आठ-दहा गिटारी. गिटारीच्या मानेच्या टोकाला हाडाची एक बारीक पट्टी असते, तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. त्या खाचा घासण्यात आपला हात धरणारा शहरात कोणी नाही, असं कानसेनांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. नवी पट्टी बसवताना तिच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने तारीख घालायची आणि मगच ती चिकटवायची, ही त्यांची सवय. ती तारीख कोणाला दिसत नसे. केलेलं आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

सगळ्या गिऱ्हाइकांत लाडका लांब्या. त्याची लाल गिटार वर्षातून दोनदा जिन्याखाली यायची, आणि आली की कानसेन जेवायचं विसरायचे. त्यांची बायको एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. सुई तिच्या हातात होती तशी जिभेवरही होती. ती त्या गिटारीला आपली सवत म्हणायची.

मग लांब्याच्या बँडचं नाव झालं. चौघं जण. गाणी स्वतः लिहायची, भाड्याच्या खोलीत स्वतःच रेकॉर्ड करायची, कुठल्या मोठ्या कंपनीच्या दावणीला जायचं नाही, हा त्यांचा बाणा; तरी गावोगावची बोलावणी येऊ लागली. सव्वादोन वर्षं लाल गिटार जिन्याखाली आली नाही. त्यातच वर्तमानपत्रातल्या फोटोत कानसेनांना दिसलं की तारा पिळायच्या दोन खुंट्या बदलल्या आहेत. पांढऱ्यांच्या जागी काळ्या. म्हणजे गिटार दुसऱ्या हातात गेली. कोणाच्या, तेही त्यांनी ठरवून टाकलं. पुलापलीकडे दर्शनी काच लावून दुकान थाटलेला तो नवा कारागीर, जो गिटार मशीनवर चढवतो आणि गिऱ्हाइकाला कॉफी पाजतो. कानसेनांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. न पाहताच त्याची दाढी, त्याचं हसणं सगळं मनात पक्कं झालं होतं, आणि त्यातलं काहीच त्यांना आवडत नव्हतं.

मध्ये एकदा लांब्याचा फोन आला, गिटार दाखवायची आहे म्हणाला. कानसेन म्हणाले, हातात काम फार आहे, महिना लागेल. हातात तेव्हा शेजारच्या मुलीचं एक व्हायोलिन होतं. फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, गिटार त्याच्याकडे आणि तक्रारी माझ्याकडे. ती म्हणाली, आता कळलं ना सवत म्हणजे काय ते.

यंदा बँडचा कार्यक्रम शहरातल्याच बंदिस्त स्टेडियममध्ये ठरला, रविवारी संध्याकाळी पाचला. लांब्याने पाकिटात दोन पास घालून पाठवले, थेट रंगमंचामागे जाता येईल असे. पास पाठवतो, गिटार नाही पाठवत, असं कानसेन दिवसभर पुटपुटत राहिले. बायको म्हणाली, मी जाणार. तुम्ही या, नाहीतर घरी बसून जळा.

एरवी तिथे बास्केटबॉल चालतो. मैदानावर रबरी चटया अंथरलेल्या, त्यांच्या कडेने खेळाच्या रेषा डोकावत होत्या. सहा हजार माणसं, बहुतेक त्यांच्या निम्म्या वयाची. बायकोने लॅबमधला कापूस कानात घातला आणि थोडा नवऱ्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. ते ऐकायलाच आले होते.

पहिली तीन गाणी कानसेन पोटात दुखत असल्यासारखे बसले. गिटार छान वाजत होती. सहा हजार माणसं खूश होती आणि त्या खुशीतला वाटा पुलापलीकडच्या माणसाला जात होता. चौथ्या गाण्यात लांब्याने तिसरी तार बोटाने वर ओढली, सूर चढला, त्याने तार सोडली, आणि ती पूर्ण परत आली नाही. केसभर उतरलेली राहिली. सहा हजारांपैकी कोणाला कळलं नाही. कानसेन ताठ बसले. तेव्हापासून त्यांना कार्यक्रम फार आवडू लागला. प्रत्येक वेळी तार उतरली की ते मांडीवर एक बोट आपटत, आणि दोन गाण्यांच्या मध्ये लांब्या खुंटी पिळू लागला की बायकोला कोपराने ढोसत.

कार्यक्रम संपल्यावर दोघं मागे गेली. खेळाडूंची कपडे बदलायची खोली होती, लोखंडी कपाटं आणि ओले टॉवेल. लांब्या घामाने निथळत पुढे आला, काका-काकू म्हणून त्याने खुर्च्या ओढल्या. कानसेन बसले नाहीत. कार्यक्रम कसा झाला हेही बोलले नाहीत. त्यांनी गिटार मागून घेतली, मांडीएवढ्या उंच बाकावर आडवी ठेवली, खिशातली फडक्यात गुंडाळलेली कानस काढली आणि तारा सैल केल्या.

"हे ज्याने केलंय त्याला कान नाहीत," ते चौघांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खाच आवळ ठेवलीय. तार आत अडकते, परत कशी येणार? मशीनवर चढवून ही कामं होत नसतात."

लांब्या काहीतरी बोलायला गेला, त्यांनी हातानेच थांबवलं. कानशीच्या मुठीने हलकेच ठोकून त्यांनी पट्टी सोडवली आणि पुरावा दाखवायला उलटी केली.

खाली पेन्सिलीने तारीख होती. सव्वादोन वर्षांपूर्वीची. आठाची शेपूट खाली लांब ओढलेली.

बायको वाकून बघत म्हणाली, "अहो, हा आठ ओळखीचा वाटतो."

लांब्याने मघाशी जे सांगायचं राहिलं होतं ते आता सांगितलं. खुंट्या प्रवासात तुटल्या, त्या त्याने स्वतःच बसवल्या. बाकी कोणाला गिटारीला हात लावू दिला नाही. "तुम्ही महिना म्हणालात, काका. महिनाभर तिच्याशिवाय राहायचं कसं? म्हणून तशीच वाजवतोय."

ड्रम वाजवणारा टॉवेलाची घडी घालू लागला. हवेने हाड आवळतं, असं म्हणता आलं असतं. चौघांनी ते मानलंही असतं. कानसेनांनी पट्टी उजेडात धरली, तिसऱ्या खाचेतून चार वेळा कानस फिरवली आणि भुसा फुंकला.

"खाच मी आवळ ठेवली," ते म्हणाले. "आजपुरती बसवून देतो. उद्या नऊला घेऊन ये."

"किती दिवस लागतील?"

"समोर बसायचं आणि घेऊन जायची. तासाभराचं काम आहे."

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. तिने कानातला कापूस काढून रुमालात बांधला. तेवढ्यात ते म्हणाले, "ती निळी गिटार. बँडमधल्या त्या डावीकडच्या मुलीची."

"तिचं काय?"

"अख्ख्या कार्यक्रमात एकदाही उतरली नाही. गिटारीच्या पेटीवर पुलापलीकडच्या दुकानाचा स्टिकर होता."

"म्हणजे त्यालाही कान आहेत."

"आहेत," कानसेन म्हणाले.

बस पुलावर चढली तसे ते बायकोच्या अंगावरून खिडकीकडे झुकले, काचेच्या दुकानात अजून दिवा आहे का ते बघायला.