शिष्टरबाईंच्या भावाचा आवाज

धोंडाबाई पौडला आली ती नवऱ्याला बैलगाडीत घालून. साल एकावन्न. तिचं सासर मुळशीच्या धरणापल्याड, डोंगराच्या कुशीत. नवऱ्याला खोकल्यातून रक्त पडायचं. पौडाबाहेर नदीच्या अंगाला एका फ्रेंच संन्यासिनीनं क्षयाच्या रोग्यांसाठी आठ खाटांचा दवाखाना मांडला होता. तिचं नाव मार्त, पण सगळा मुलूख तिला शिष्टरबाई म्हणायचा.

नवरा दोन महिन्यांत गेला. धोंडाबाई सासरी परतली, तर दिरानं वेशीतच अडवलं.

"त्याचं हातरूण-पांगरूण तूच काढलंस. तुज्या अंगात बी रोग आसंल. माजी पोरं ल्हान हायेत, वैनी."

ती भांडली नाही. बोचकं उचललं आणि आल्या पावली दवाखान्यात आली. शिष्टरबाईंनी तिला आत घेतलं. तिच्या हातात खराटा दिला आणि निजायला औषधांच्या खोलीशेजारची जागा दाखवली.

त्या खोलीत चावीचा ग्रामोफोन होता आणि एका पेटीत आठ काळ्या तबकड्या. रविवारी दुपारी शिष्टरबाई त्या एकामागून एक लावत. शंभर-सव्वाशे माणसं एका गळ्यानं गात असावीत असं ते गाणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धोंडाबाई खराटा टाकून दाराशी आली.

"ह्ये काय म्हन्त्यात, शिष्टरबाई?"

"मेलेल्या माणसांना विसावा दे, असं देवाला म्हणतात."

पाचव्या तबकडीवर सगळी माणसं गप्प व्हायची आणि एकच पोरगा गायचा. तो लुसियँ, शिष्टरबाईंचा धाकटा भाऊ. गायला तेव्हा अकरा वर्षांचा होता, पुढं लढाईत मेला. त्याचा फोटो नव्हता, कबर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. जे काही उरलं होतं ते त्या तबकडीवर.

त्रेपन्नच्या पावसाळ्यानंतर पेटीला बुरशी धरली म्हणून धोंडाबाईनं तबकड्या उन्हात काढल्या. पाचवी हातातून निसटली. दगडी पायरीवर पडली आणि तिचे चार तुकडे झाले. शिष्टरबाई धावत आल्या, खाली बसल्या, तुकडे झग्याच्या घोळात गोळा केले. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मोडली ती मोडली. रोग्यांची पेज ठेव."

शिव्या दिल्या असत्या तर धोंडाबाईला सोसलं असतं. त्यानंतर रविवारी चौथीनंतर एकदम सहावी लागायची, आणि त्या वेळी ती कामाचं निमित्त काढून नदीवर जायची.

सत्तावन्नला खोकला शिष्टरबाईंनाच लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. त्या औषधानं कान जाऊ शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. शिष्टरबाई म्हणाल्या, "जाऊ देत. आठ खाटा रिकाम्या नाहीत." वर्षभरात दोन्ही कान गेले. रोग मात्र गेला नाही. नथू कंपाउंडर पाटीवर लिहायचा, त्या वाचून उत्तर द्यायच्या. धोंडाबाईला अक्षर येत नव्हतं. ती हातवारे करायची.

एकोणसाठच्या मार्गशीर्षात फ्रान्सहून पार्सल आलं. थोरल्या बहिणीनं पाठवलेलं. आत एकच मोठी, पातळ तबकडी. जुन्या आठही तबकड्यांवरचं गाणं कंपनीनं साफ करून या एकीवर पुन्हा काढलं होतं. नथू तिला बोटानं वाकवून पाहत म्हणाला, "ही आपटली तरी न्हाई फुटत." धोंडाबाईनं मान फिरवली.

चावीच्या ग्रामोफोनवर ती लागत नव्हती. तो फार जोरात फिरायचा आणि त्याच्या सुईनं तिच्या बारीक रेघा खरवडल्या असत्या. तरी शिष्टरबाई ती तबकडी छातीशी धरून बसल्या. मग म्हणाल्या, "धोंडाबाई, तू ऐकून ये. लुसियँ तिच्यावर आहे का, एवढंच मला सांग. तुझ्याशिवाय इथं त्याला कोण ओळखतं?"

भुकूमच्या हैबतरावांकडे मुंबईहून आणलेलं, सेलवर चालणारं नवं यंत्र होतं. तबकडी पदरात गुंडाळून धोंडाबाई चालत भुकूमला गेली. हैबतरावांनी तिला अंगणात तुळशीच्या पलीकडे बसवलं.

"क्षयाच्या दवाखान्यातनं आलीस. उंबऱ्याला शिवू नको."

"न्हाई शिवत. येवडी थाळी लावा, मालक. म्या हितनंच ऐकते."

उपरण्याच्या टोकात धरून त्यांनी तबकडी लावली. गाणं सुरू झालं तशी त्यांची आई आतून ओरडली, "आरं, कुनाचं मढं निघालंय? घरात पोटुशी सून हाय, बंद कर त्ये!"

हैबतरावांनी हात पुढं केला. धोंडाबाईनं जमिनीला डोकं टेकलं. "मालक, एका पोराचा आवाज येनार हाय. त्यो झाला की बंद करा. पाया पडते."

हैबतराव आतल्या दाराकडे वळले. "आये, दार लावून घे," असं म्हणून त्यांनी हात मागं घेतला.

सगळी माणसं गप्प झाली. मग पोरानं श्वास घेतला. जुन्या तबकडीच्या खरखरीत हा श्वास कधी ऐकू आला नव्हता. जवळ कुणी उभं असावं इतका तो साफ होता. आणि लुसियँ गायला. धोंडाबाई तोंडात पदर कोंबून रडली.

दिवस मावळायच्या आत ती परतली. नथूनं पाटीवर लिहिलं, 'आहे.' शिष्टरबाईंनी पाटी बाजूला सारली. "कसा आहे?"

नथूला ते लिहिता येईना. धोंडाबाई खाटेवर टेकली. शिष्टरबाईंचा हात उचलून तिनं आपल्या गळ्यावर ठेवला. आधी त्या पोरासारखा श्वास घेतला. मग त्याची चाल गुणगुणली, जशी येत होती तशी, शब्दांवाचून. शिष्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. चाल संपली तरी हात गळ्यावरच होता.

"श्वाससुद्धा?" त्यांनी विचारलं.

धोंडाबाईनं मान डोलावली.

पंधरा दिवसांनी शिष्टरबाई गेल्या. पुण्याहून त्यांच्या पंथाची दोन माणसं आली. पेटी, ग्रामोफोन, नवी तबकडी सगळं घेऊन गेली. जागेवर दुसरी संन्यासिनी मिळाली नाही. महिनाभरात दवाखान्याला कुलूप लागलं आणि गावानं त्या आठ खाटा शेतात नेऊन जाळल्या.

धोंडाबाई पौडच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. कुणाच्या घरी क्षयाचं माणूस असलं की तिला बोलावणं यायचं, कारण थुंकीची भांडी धुवायला आणि शेवटचं पाणी पाजायला घरचे धजत नसत. ती जायची. भाकरी दारातूनच मिळायची.

सदुसष्टच्या थंडीत ती झोपडीत मेली. नथू तेव्हा पौडातच दुकानात कामाला होता. तिला उचलायला चार माणसं जमवता जमवता त्याला दुपार झाली. तीनच जमली. चौथा खांदा एका वाटसरूनं दिला. त्याला कोण मेलंय ते माहीत नव्हतं.