कमरेला बांधलेली घंटी

आमचं कुत्रं आंधळं झालंय हे आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही. कळणार कसं? रोज सकाळी शेळ्या-मेंढ्या निघाल्या की तेही निघायचं, माळावर जायचं, दिवस कलला की परत यायचं. एक दिवस मी शेणाचं घमेलं नेहमीच्या जागी न ठेवता अंगणाच्या मधोमध ठेवलं, तर हे सरळ त्यावर जाऊन आपटलं. मी त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी हलली नाही.

मेंढरांना लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, मोतीबिंदू आहे, वय झालंय, आता घरीच ठेवा. डॉक्टरांचं बराबरच होतं. पण मग हे रोज माळावर जातंय कसं, ते मला पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागं मागं चालले, तेव्हा उलगडा झाला. आमची एक म्हातारी शेळी कळपाची म्होरकी होती. तिच्या गळ्यात पितळी घंटी. कुत्रं तिच्या पोटाला लागून, घंटीच्या आवाजानं चालायचं. ती थांबली की थांबायचं, ती वळली की वळायचं. दोघं जुनी, दोघांची चाल एक.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्याचं एक मांजर आहे, त्याच्या तोंडात दात उरलेला नाही. त्याला आत्या रोज दुधात भाकर कुस्करून भरवते, वर पदरानं तोंड पुसते. मी एकदा म्हटलं, "आत्या, मांजर म्हातारं झालं की त्याला दूधभाकर, अन् कुत्रं म्हातारं झालं की त्याला काहून न्हाई?"

"त्याला काय करायचं दुधाला? त्याला माळ पायजे," आत्या म्हणाली. "जित्याची खोड हाय ती. माळ तुटला की ते तुटलं, ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पण त्या म्हाताऱ्या शेळीचं वेत थांबलं होतं, दूध आटलं होतं, आणि मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती विकायची ठरवली. कळमनुरीचे एक चाचा वर्षानुवर्षं आमच्याकडून जनावरं नेतात. माझ्या सासऱ्यांचे ते दोस्त, मला बेटी म्हणतात. ते आले ते स्वतःचं दावं घेऊनच. आमच्यात विकलेल्या जनावराबरोबर दावं आणि घंटी देत नाहीत. दिली तर घरची बरकत जाते म्हणतात. चाचांनी आपल्या हातानं घंटी सोडली आणि माझ्या हातात दिली. "घे बेटी, तुमचं तुमच्या घरात."

मला शेळी जाण्याचं वाईट वाटलं, पण घंटी घरात राहिली, कुत्र्याला तिचा आवाज मिळत राहील, म्हणून मी निश्चिंत होते. मालकांनी ती रीतीप्रमाणे नव्या म्होरक्याच्या गळ्यात बांधली. नवा म्होरक्या म्हणजे एक दांडगं, माजलेलं बोकड. कळपात सगळ्यात पुढं जो जाईल त्याला घंटी, असंच बापजाद्यापासून चालत आलेलं. त्यात कुत्र्याच्या चालीचा विचार करायचा असतो हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

ते बोकड काय चालतं होय! उड्या मारत होतं, मान झटकत होतं, बांधावर चढत होतं. कुत्रं घंटीमागं जीव खाऊन पळालं. मी मागून ओरडतेय, "अरे थांबा, थांबा की!" आणि बोकड कालव्याच्या काठावर चढलं. घंटी वर वाजली, कुत्रं वर गेलं. बोकडानं पलीकडं उडी मारली. कुत्र्यानं पुढं पाय टाकला तो थेट पाण्यात.

मालकांनी धोतरासकट उडी घेतली. तेच मालक, जे म्हणायचे, आंधळ्या कुत्र्याचं काय करायचंय आता. कमरेएवढ्या पाण्यातून त्याला खांद्यावर घालून वर आणलं, आणि काठावर बसून माझ्यावरच खेकसले, "उद्यापासून हे घरी. बास!"

"माझ्यावर काहून वरडता? घंटी मी बांधली का?" मीही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला खुंट्याला बांधलं. कळप निघाला तशी त्यानं मान वर केली, घंटी लांब जाईपर्यंत कान टवकारून बसलं, आणि मग तोंड जमिनीला टेकलं. भाकरीला शिवलं नाही. मी मांजराच्या वाटचं दूध पुढं ठेवलं, तेही नाही. पुढं दोन-चार दिवस हेच. बरगड्या दिसायला लागल्या. आत्याचंही जेवण तुटलं. "दारात कुत्रं उपाशी अन् मी भाकर मोडू?" म्हणाली. "ते मरून राहिलंय, तुमाला दिसत न्हाई का?"

मला दिसत होतं. सकाळी उठले, बोकडाच्या गळ्यातली घंटी सोडली आणि माझ्या कमरेला बांधली. कुत्र्याला खुंट्यावरून सोडलं आणि चालायला लागले. म्हातारी शेळी चालायची तशी, एकेक पाऊल टाकत. कुत्रं उठलं. धडपडलं, पुन्हा उठलं, आणि माझ्या लुगड्याला नाक लावून निघालं.

गाव काय गप्प बसतंय? पारावरचा एक जण म्हणाला, "काय वहिनी, म्होरकी शेळी झालात व्हय?"

"व्हय, झाले! या की मागं मागं, तुमालाबी चारून आणते," मी म्हटलं. पारावर हशा पिकला आणि त्या दिवसापासून माझं नाव घंटीवाली पडलं. पडू दे! माझं काय सोनं झडतंय?

कळप मालकांबरोबर पुढं निघून जायचा. आम्ही दोघं पोचायचो तोवर मेंढरं चरून सावलीला बसलेली असायची. कुत्रं त्यांच्यात जाऊन पडायचं, एखादं कोकरू त्याच्या पाठीवर मान टाकायचं. अर्धी भाकर खायचं. पावसाळा गेला, हळदी काढून झाल्या, तरी ते येत होतं.

मग एका सकाळी ते उठलंच नाही. मालक दारात कळप घेऊन थांबले. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं. मेंढरांच्या खुरांचा आवाज गेला तसे त्याचे पुढचे पाय माती खरवडायला लागले. उठायचं होतं त्याला, आणि अंगात काही नव्हतं. मला सुचेना. शेवटी मी घंटी कमरेला बांधली आणि अंगणातच त्याच्याभोवती चालायला लागले. खुंट्यापासून बाहेरच्या चुलीपर्यंत, चुलीपासून खुंट्यापर्यंत, हळूहळू. ते खरवडायचं थांबलं. पडल्या पडल्या चारही पाय हलायला लागले, एकामागून एक, नीट.

आत्या उंबऱ्यावर मांजर घेऊन बसली होती. "चालून राहिलंय बघ ते," ती म्हणाली. मी डोळे पुसायला थांबले तर म्हणाली, "थांबू नको. माळ आला न्हाई अजून."

मी फेऱ्या घालत राहिले. मी रडत होते आणि चालत होते. ऊन अंगणात आलं तेव्हा त्याचे पाय थांबले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी घंटी पुन्हा बोकडाच्या गळ्यात बांधली. ते उड्या मारत गेलं, त्यामागं कळप गेला. मालक कालव्यापाशी थांबून मागं वळले आणि ओरडले, "अगं, चल की बिगी बिगी! आता कोनासाठी दमानं चालून राहिलीस?"